शंभरात किती

४ जानेवारी

चि. मुंगीस आशीर्वाद.

तुझ्या खात्याची पुस्तिका पोचली. 'रुग्णालय गुणवत्ता माहिती, सर्व नागरिकांसाठी.' चव्वेचाळीस पानं. दुकानाचं शटर अर्धं ओढून एका बैठकीत वाचली. अक्षरं तुझ्या टोपणनावाला शोभतील अशी, मुंगीच्या पायाएवढी. पण ज्या भिंगातून मी सोनाराच्या काट्याची धार तपासतो, त्या भिंगाला त्यात काय अवघड? सातवीनंतर शाळा सुटली, वाचन सुटलं नाही, हे मावसबहिणीला वेगळं सांगायला नको.

आपल्या थोरल्या ताईच्या आतड्याचा खराब तुकडा काढायचाय, हे मागे कळवलं होतं. तारीख नऊ. दोन ठिकाणं समोर होती. कालव्यावरचं रुग्णालय, चालत पंधरा मिनिटं. आणि टेकडीवरचं, दोन बसा बदलून. ताईचा ओढा टेकडीकडे. का, तर तिच्याबरोबर काज करणारी बाई तिथे बरी झाली. मी म्हटलं, ताई, एका गिऱ्हाइकावरून दुकान पारखत नाहीत. सरकारनं मोजून ठेवलंय, ते बघू. पान एकतीस उघडलं. 'शस्त्रक्रिया-पश्चात कामगिरी'. रकान्याचं नाव 'ज.प्र.गु.', खाली टीप: प्रत्यक्ष भागिले अपेक्षित. आतड्याच्या ऑपरेशनांसमोर कालवा १.०२, टेकडी ०.४८.

तीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त करतोय. किलोचं वजन ठेवल्यावर जो काटा किलोच दाखवतो, तो इमानदार. अपेक्षित एक, प्रत्यक्ष एक. वरचे दोन शतांश सोडून देण्यासारखे. आणि ०.४८? किलो मागावा आणि अर्धा किलोही पदरात पडू नये? असल्या काट्याला आमच्या धंद्यात त्याच दिवशी सील ठोकतात! ताईला पान दाखवून सगळं समजावलं. ती गप्प बसली. कालवा ठरला.

दोन गोष्टी सांग. टेकडीवाल्यांना अजून टाळं का नाही? आणि रकान्यांची नावं अशी तोडून का लिहिता, शाई महाग झालीय का? बाकी काम चोख. शाबास.

तुझ्या नव्या घराचा पत्ता सापडेना, म्हणून हे ऑफिसवर टाकतोय.

तुझा दादा


१९ जानेवारी

दादा,

नमस्कार वगैरे नंतर. तुझं पत्र आज, आत्ता माझ्या टेबलावर आलं. त्यात 'टाळं का नाही' दिसल्याबरोबर आवक विभागानं त्यावर 'तक्रार' असा शिक्का मारला, नंबर टाकला, आणि ते पंधरा दिवस तीन टेबलांवरून फिरत राहिलं.

दादा, उलटं आहे. 'प्र.गु.' म्हणजे प्रमाण गुणोत्तर आणि 'ज' म्हणजे जंतुसंसर्ग. ऑपरेशननंतर जखमेत, पोटात जंतू होतात, ते. जितक्या जणांना होतील असं वाटलं होतं, त्याच्या तुलनेत खरोखर किती जणांना झाले, तो हा आकडा. कमी तितकं चांगलं! टेकडीवर अपेक्षेच्या निम्म्याहून कमी झाले. तू ज्याला सील ठोकायला निघालास, ते आपल्या यादीतलं सगळ्यात चांगलं आहे.

दुकानात तू फोन ठेवत नाहीस, वजन लावताना घंटी वाजली की हात हलतो म्हणे. ताईचा फोन सकाळपासून बंद लागतोय. हे पत्र खात्याच्या गाडीबरोबर पाठवते आहे.

नऊ तारीख होऊन गेली. डॉक्टर रजेवर होते, ताईला सर्दी झाली होती, कशानं का होईना, ऑपरेशन पुढे ढकललं असं लिही.

मुंगी


२३ जानेवारी

मुंगे,

नाही ढकललं. नऊ तारखेला सकाळी साडेआठला, ठरल्या वेळी झालं. चौथ्या दिवशी ताप. सहाव्या दिवशी टाके लाल. आठव्या दिवशी पोट परत उघडलं, आतला जोड सुटला होता आणि पू झाला होता. आता पोटाला बाहेरून पिशवी लावलीय, आतड्याचं तोंड त्या पिशवीत. सगळं भरून आलं की तीन महिन्यांनी आतडं पुन्हा जोडायचं. म्हणजे आणखी एक ऑपरेशन. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले तिनं. परवा म्हणाली, "माझी शिवण अशी उसवली असती, तर गिऱ्हाइकानं तोंडावर फेकली असती रे."

तुझं पत्र वाचून पुस्तिका पुन्हा काढली. पहिल्या पानापासून मलपृष्ठापर्यंत, भिंग लावून. लहान आकडा चांगला, हे कुठे लिहिलंय ते शोधलं. सापडलं! पान त्रेचाळीस, परिशिष्ट, तळटीप सहा: 'निम्न मूल्य अनुकूल फलनिष्पत्ती दर्शवते.' ही कुणाची भाषा? कोण बोलतं असं? तू घरी बोलतेस का, की आज दुधाची निम्न फलनिष्पत्ती आहे, अर्धा लिटर जास्त आणा?

एका 'ज'च्या आड जंतू लपवलेत तुम्ही. विषाच्या बाटलीवर नुसतं 'वि.' लिहून ती फळीवर ठेवाल का? माझ्या काट्याची तबकडी भाजीवालीला वाचता आली नाही, तर मी तबकडी बदलतो. भाजीवाली बदलत नाही. मापात पाप म्हणतात, ते फक्त हलक्या वजनाचं नसतं बाई. वजन खरं आणि तबकडी खोटी, हेही पापच.

आणि वर 'सर्व नागरिकांसाठी'! त्या दोन शब्दांचीच मला जास्त चीड आलीय. तुमच्यासाठी तुम्ही लिहिलंत, ठीक. मग आमचं नाव कशाला घेता?

ताईला मी यातलं काही बोललेलो नाही. आता एकच सांग, सरळ, तळटीप न लावता. दुसरं ऑपरेशन कुठे करू?

दादा


१ फेब्रुवारी

ती. दादा,

पत्र पोचलं. ताईला बघायला रविवारी येते आहे.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची मला मनाई आहे. खात्यातल्या माणसानं कुठल्याही रुग्णालयाची शिफारस करायची नाही, तोंडी नाही, लेखी नाही. तू म्हणशील, उंटावरून शेळ्या हाकता. म्हण.

पण काही गोष्टी ऐकून घे. १.०२ म्हणजे वाईट नव्हे, चारचौघांसारखं. टेकडीवर गेली असती तर ताईला झालंच नसतं, असं कुणीही छातीठोक सांगू शकणार नाही. तिथेही होतात. आणि भागाकार आम्ही हौसेनं केलेला नाही. काही ठिकाणी जास्त थकलेली, जास्त आजारी माणसं येतात. नुसती टक्केवारी छापली तर जो अवघड केस घेतो तोच बदनाम होतो. म्हणून आधी 'इतक्या आजारी माणसांत साधारण किती जणांना होईल' ते काढायचं आणि मग तुलना करायची. हे बरोबर आहे, दादा. शब्द चुकले असतील. ते समितीनं ठरवले, नऊ डॉक्टर आणि दोन आकडेतज्ज्ञ. मी फक्त टंकलं.

आता मी विचारते. भागाकार कळला, पण 'ज' कळला नाही, तेव्हाच का नाही थांबलास? समोर ताई होती, शेजारी औषधवाला आहे, पलीकडे शाळा आहे. 'हे काय आहे हो' एवढं विचारायला तुझी जीभ का जड होते? लहानपणी रस्ता चुकलास तरी विचारायचा नाहीस; आम्हा सगळ्यांना उन्हात दीड तास फिरवलं होतंस, आठवतं?

ताईला सांग. माझ्याकडून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळू दे.

मुंगी


१९ फेब्रुवारी

चि. मुंगी,

तुझा प्रश्न दोन आठवडे घशात काट्यासारखा अडकला. रविवारी आलीस तेव्हा ताईसमोर बोलता आलं नाही. खरं आहे, विचारलं नाही. न शिकलेल्या माणसानं विचारलं की समोरचा आधी त्याच्याकडे वरून खाली बघतो आणि मग सांगतो. ते बघणं मला सोसत नाही. झालं समाधान?

पण मी एकटाच मूर्ख, की तुमचा कागदच तसा, हे ठरवायचं असेल तर मोजायला हवं. मी मोजलं.

दुकानात गिऱ्हाईक येतं, काटा लावून होईस्तोवर बाकावर बसतं. वीस जणांना तुमचं पान एकतीस दिलं आणि विचारलं, घरच्या माणसाचं ऑपरेशन आहे, कुठे न्याल? दुसऱ्या वीस जणांना मी लिहिलेला कागद दिला. परिशिष्टात कच्चे आकडे आहेत. कालव्यावर १८८ ऑपरेशनं, १९ जणांना जंतू. टेकडीवर २२४, पैकी ११. म्हणून मी लिहिलं: 'इथे शंभरातल्या दहा जणांना ऑपरेशननंतर जंतू झाले. तिथे शंभरातल्या पाच जणांना.' ज्याला पान दाखवलं त्याला कागद दाखवला नाही, ज्याला कागद त्याला पान नाही. उगाच एकमेकांत मिसळायला नको.

पान वाचलेल्या वीसपैकी चौदा जण चुकले. सोनार म्हणाला, "०.४८? निम्म्याच्या वर पितळ!" फळवाल्या मावशींनी विचारलं, "'ज' म्हणजे जागा का रे? तिथे खाटा कमी असतील." बघ, ती विचारू शकली. निवृत्त हेडमास्तरांनी पान दोनदा उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "मला कळलंय, पण तुम्हाला समजावण्यात अर्थ नाही." त्यांना मी चुकलेल्यांत धरलं.

कागद वाचलेल्या वीसपैकी एकोणीस बरोबर. चुकले ते फक्त आमचे वजनमाप निरीक्षक. म्हणाले, "इतकं सोपं लिहिलंय, म्हणजे यात काहीतरी गोम आहे."

तू म्हणतेस टेकडीवरही झालं असतं. असेल. पण शंभरात पाच की शंभरात दहा, हा डाव ताईचा होता. पत्ते तिच्या हातात उघडे पडायला हवे होते. तुम्ही ते उलटे ठेवलेत, आणि मी, शहाणा, ते तिच्या वतीनं खेळलो.

तिला अजून सांगितलेलं नाही. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. ती पिशवी बदलते तेव्हा मी उगाच हातोडी घेऊन ठोकत बसतो.

या चाळीस माणसांचा हिशोब सोबत जोडलाय. तुझ्या नऊ डॉक्टरांना दाखव.

दादा


११ मार्च

ती. दादा,

दाखवला. बैठकीत उभी राहून वाचला. आमचे प्रमुख म्हणाले, "आता काटे दुरुस्त करणारे आपल्याला आकडे शिकवणार?" सगळे हसले. एक तरुण डॉक्टर तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी दोनदा विचारलं, "चौदा? वीसपैकी चौदा?" आणि वहीत लिहून घेतलं. पण एका वहीनं काय होतं? ठरलं ते असं: तक्ता आहे तसाच राहील. पुढच्या वर्षीच्या पुस्तिकेत पान एकोणचाळीसवर एक जादा तळटीप येईल.

दादा, मागच्या पत्रात 'मी फक्त टंकलं' असं लिहिलं, ते खोटं होतं.

तीन वर्षांपूर्वी पान एकतीसचा पहिला मसुदा मी लिहिला होता. प्रत्येक रुग्णालयापुढे तीन वाक्यं. प्रमुखांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "हे काय, वाण्याची यादी आहे का?" तेव्हाही असेच हसले होते. मी तिथल्या तिथे तांबडं पेन काढलं, माझी वाक्यं माझ्या हातानं खोडली आणि विचारलं, "मग सर, नुसतं ज.प्र.गु. लिहू का?" ते नाव मी ठेवलंय. समितीनं नुसती मान डोलावली.

विचारायला तुझी जीभ जड, बोलायला माझी. कुणाला नावं ठेवायची? आपलेच दात, आपलेच ओठ. तुझा चौदाचा आकडा वाचताना मला पंधरावी ताई दिसत होती.

ते खोडलेलं पान मी फेकलं नव्हतं. सोबत आहे. अर्थात, मी तुला ते पाठवलेलं नाही.

मुंगी


३ एप्रिल

मुंगी,

दुकानाच्या दारात दुरुस्तीचे दर लिहायची काळी पाटी होती. दर पुसले. तांबड्या रेघेखालची तीन वाक्यं खडूनं लिहिली, वीतभर अक्षरांत, जशीच्या तशी, फक्त आकडे यंदाचे:

'इथे आतड्याचं ऑपरेशन झालेल्या शंभर जणांपैकी साधारण पाच जणांना जंतू झाले. इतकेच आजारी लोक दुसरीकडे गेले असते, तर साधारण दहा जणांना झाले असते. आकडा जितका लहान, तितकं चांगलं.'

हे टेकडीचं. शेजारी कालव्याचं, तिथे दहाच्या जागी दहा. किती साधं! तुझा भागाकारही आला त्यात, आजारी माणसंही आली, कुणाची बदनामी नाही. तीन वर्षं हे पान तुझ्या कपाटात होतं आणि बाहेर माणसं 'ज'वर आपलं पोट उघडायला देत होती. तुझ्यावर रागावू की तुझा अभिमान बाळगू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही करतो.

लोक थांबतात, वाचतात. एक बाई मोबाईलमध्ये फोटो काढून घेऊन गेली. एकानं विचारलं, "गुडघ्याचं नाही का?" मी रात्रीचा दिवस केला नाही, पण दोन दिवसांत गुडघ्याचंही लिहिलं.

आणि काल नोटीस आली. 'शासकीय आकडेवारीचे अनधिकृत सुलभीकरण केल्याबाबत.' मुंगे, गुन्ह्याचं नाव वाचलंस? सुलभीकरण! चोरी नाही, खोटेपणा नाही. सोपं केलं, हा अपराध! खाली सही तुझी. मी भिंगातून बघितली. सहीतला उकार तूच असा काढतेस.

खुलासा सोबत पाठवतोय: 'आकडे तुमचे, पान त्रेचाळीस. वाक्यं कुणाची ते विचारू नका, सांगणार नाही. खडू माझा. पाटी पुसणार नाही.'

ताईला बारा तारखेला दाखल व्हायचंय. कुठे, ते तिनं मला सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही. यावेळी विचारायला जीभ जड नाही, तोंड नाही.

दादा


९ एप्रिल

ती. दादा,

सही माझीच. नोटीसही मीच लिहिली, कारण दुसऱ्या कुणी लिहिली असती तर त्यात 'पाटी तत्काळ काढावी' असं आलं असतं. माझ्यात आहे 'खुलासा तीस दिवसांत सादर करावा'. पुन्हा वाच.

तुझा खुलासा पोचला. 'पुसणार नाही' दिसल्याबरोबर आवक विभागानं त्यावर 'तक्रार' असा शिक्का मारलाय. आता तो तीन टेबलांवरून फिरेल. मी यावेळी कुणाला घाई करणार नाही.

त्या तरुण डॉक्टरांनी काल हळूच विचारलं, पाटी कुठे आहे. मी पत्ता दिला. उघडउघड दिला, दोन माणसांसमोर.

मुंगी


२४ एप्रिल

दादाला ताईचे आशीर्वाद.

हाताशी दुसरा कागद नव्हता, म्हणून औषधाच्या चिठ्ठीमागे लिहितेय. काजवाली बाई उद्या तिकडून जाणार आहे, तिच्या हाती देते.

मी टेकडीवर आहे, हे तुला कळलं असेलच. आतडं जोडलं, पिशवी गेली. आज बारावा दिवस, ताप नाही. नर्सला विचारलं, "तुमच्याकडे शंभरात पाच ना?" ती दचकलीच. म्हणाली, "हो, आणि या महिन्यात एका आजोबांना झालेत, पलीकडच्या खोलीत आहेत." म्हणजे मी पंच्याण्णवांत बसले ती तुझ्या पाटीमुळे नव्हे, ते माझं मला कळतं. पण निवडून बसले. मागच्या वेळी मला बसवलं होतं.

हो, पाटी वाचली. तू गिऱ्हाइकाकडे गेला होतास, मी दळण आणायला निघाले होते. दोन्ही रुग्णालयांची वाक्यं वाचली, आणि मग सगळं उमगलं. तू हातोडी का ठोकत बसतोस, जेवताना ताटातच का बघतोस. आणि बारा दिवसांत इकडे का फिरकला नाहीस. दोन बसा लांब आहे म्हणून, असं कुणाला सांगशील!

रागावले होते. खूप. तुझ्यावर, तुझ्या त्या पुस्तिकेवर आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. त्या दिवशी तू पान धरलं होतंस तेव्हा मी विचारणारच होते, "ज म्हणजे काय रे?" ओठांवर आलं होतं. तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गप्प बसले. तीस वर्षं तूच घरातलं सगळं वाचत आलास, विजेच्या बिलापासून माझ्या रिपोर्टापर्यंत. मीही शाळेत गेले होते, दादा. तुझ्याहून एक वर्ष जास्त.

मुंगी येऊन गेली, रडून गेली. तिला म्हटलं, रडू नकोस, तळटीप वरच्या पानावर घे. म्हणाली, प्रमुखांशी भांडून बघते. बघू.

परवा सकाळी दहाला मला सोडणार आहेत. घरी काय खायचं, जखम कशी धुवायची, ताप आला तर किती आल्यावर यायचं, याचा एक कागद मिळणार आहे. न्यायला ये. तो कागद घेऊन मला वाचून दाखवू नकोस. माझ्या हातात दे. मी वाचीन, तू शेजारी बस. दोघांनाही कळलं नाही, तर दोघं मिळून नर्सला विचारू.

भिंग तेवढं आण. अक्षरं इथेही बारीकच आहेत.

ताई